गाळ, काटा आणि कागद

नालेसफाईची बिले तपासायला मुंबई महापालिकेने २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्ता आणली, हे योग्यच झाले. पण कंत्राटदाराने स्वतः पुरवलेल्या चित्रफितींवरच ती विसंबणार असेल, तर तिचा धाक एका पावसाळ्यापुरताच उरेल, असे या दैनिकाचे मत आहे.

मिठी नदीच्या गाळउपशात सुमारे ६५ कोटींचा गैरव्यवहार झाल्याचा गुन्हा आर्थिक गुन्हे शाखेने मे २०२५ मध्ये नोंदवला. गाळ टाकायच्या जागांची करारपत्रेच बनावट असल्याचा आरोप त्यात आहे. नदीतून किती गाळ निघाला हा पुढचा प्रश्न. आधी कागदच खोटा!

असा कागद परदेशातही पचतो. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या सोलिंड्रा या सौरपॅनेल कंपनीला २००९ मध्ये ५३.५ कोटी डॉलरच्या कर्जाची सरकारी हमी मिळाली आणि २०११ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. विक्री-करारांबाबत तिने दिलेली माहिती दिशाभूल करणारी होती, असा अहवाल ऊर्जा विभागाच्या महानिरीक्षकांनी दिला तो २०१५ मध्ये. संशयाच्या खुणा विभागाच्या नजरेतून निसटल्या, हेही त्यात नमूद आहे. तोवर पैसा बुडाला होता.

म्हणून प्रत्येक खेपेचे वजनकाट्यावरचे वजन, गाडीचा जीपीएस मार्ग आणि गाळ उतरवल्याची नोंद पालिकेने कंत्राटदाराला वगळून स्वतः गोळा करावी, ती एकमेकांशी ताडून पाहावी आणि संकेतस्थळावर मांडावी. तोपर्यंत एकही बिल मंजूर होता कामा नये.