सुट्टी मुलांची, खाडा आईचा

वार्षिक परीक्षा संपल्या की मे महिन्याच्या आरंभी शाळांना कुलुपे लागतात. जूनच्या मध्यापर्यंत, आणि विदर्भात उन्हाच्या तडाख्यामुळे त्याहीपुढे, ती निघत नाहीत. मुलांना विश्रांती हवी, उन्हापासून संरक्षण हवे, मनसोक्त खेळायला वेळ हवा, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु शाळा बंद झाली म्हणून कारखाना बंद होत नाही, कचेरी बंद होत नाही आणि चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईची एकही फेरी कमी होत नाही. मग या दीड महिन्यात मुलांकडे पाहावयाचे कोणी? वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतून या प्रश्नाचे उत्तर दरवर्षी ठरलेले असते. आईने पहाटे उठावे, वेळापत्रक आखावे, नोकरी आणि घर यांचा तोल सांभाळावा, असे तिला सांगितले जाते. प्रश्न जणू तिच्या नियोजनकौशल्याचा आहे.

या उपदेशाला साधा अंकगणिताचा आधारही नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस शाळा भरली पाहिजे असे ठरविले आहे. उरलेल्या दिवसांपैकी रविवार वजा केले, तरी जवळजवळ शंभर दिवस असे राहू शकतात की जेव्हा मूल घरी आणि पालक कामावर असतात. दुसऱ्या बाजूस, वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा, हा १९४८ च्या कारखाना अधिनियमातील नियम २०२० च्या श्रमसंहितेतही कायम राहिला आहे. वर्षाला तीनशे दिवस राबणाऱ्या कामगाराला त्यानुसार पंधरा दिवस मिळतात. आई आणि वडील दोघेही कारखान्यात असले आणि त्यांनी पाळीपाळीने रजा घेतली, तरी बेरीज तीसच होते. उन्हाळ्याच्या सहा आठवड्यांत कामाचे दिवस छत्तीस असतात. म्हणजे सगळी रजा खर्ची घालूनही सहा दिवस तुटतातच. दिवाळीच्या सुट्टीसाठी, आजारपणासाठी काही उरत नाही आणि कुटुंबाने एकत्र घालवावा असा एकही दिवस हाती लागत नाही.

हे झाले संघटित कामगाराचे. ज्यांच्या कामाला हजेरीपत्रकच नाही त्या असंघटित श्रमिकांना रजा हा शब्दच ठाऊक नाही. त्यांच्याकडे असतो तो खाडा. मूल तापाने फणफणले तरी खाडा, शाळा बंद म्हणून घरी थांबले तरी खाडा. मुलांच्या सुट्टीची किंमत आईच्या मजुरीतून अशी कापून घेतली जाते.

कायद्याला मूल दिसतच नाही असे नाही. ते दिसते, पण सहा वर्षांचे होईपर्यंतच. कारखान्यातील पाळणाघराची तरतूद सहा वर्षांखालील मुलांसाठी आहे. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतील अंगणवाडीही त्याच वयाशी थांबते. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असल्यास त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीची नेमणूक करावी, अशी तरतूद होती. सातव्या वर्षी मूल शाळेच्या स्वाधीन झाले, असे या सर्व कायद्यांनी गृहीत धरले आहे. शाळेला सुट्टी लागली की ते कोणाच्याच स्वाधीन राहत नाही.

ही पोकळी आजवर भरून काढली ती आजोळाने. गिरणगावातील कुटुंबे मे महिन्यात मुलांना कोकणात, घाटावर धाडीत. आजी, मामी, मावशी त्यांचे सारे पाहत. या रम्य आठवणींच्या तळाशी गावातल्या स्त्रियांचे बिनमोल श्रम होते, हे मात्र सहसा कोणी नोंदवीत नाही. आज अनेक घरांत आजी स्वतःच मजुरीला जाते आणि तिची जागा थोरल्या बहिणीने घेतलेली असते. बारा वर्षांची मुलगी धाकट्या भावंडांना भरविते, पाणी भरते, स्वयंपाक करते. तिची सुट्टी कोणत्याही दिनदर्शिकेत छापलेली नसते.

मध्यमवर्गाने या प्रश्नातून पैसे मोजून वाट काढली आहे. छंदवर्ग, पोहण्याचे वर्ग आणि शिबिरे यांचा मोठा बाजार एप्रिलपासूनच भरतो. परंतु त्या घरातील आई निर्धास्तपणे कचेरीत जाऊ शकते, कारण दुसरी एक आई आपली मुले खोलीत कोंडून तिच्या घरी कामाला आलेली असते. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. तरीही हक्काची भरपगारी रजा या स्त्रियांच्या बहुसंख्येला स्वप्नवतच आहे. एका घराचा तोल दुसऱ्या घराचा तोल ढळवून सांभाळला जात असेल, तर त्याला व्यवस्थापन म्हणणे ही शब्दांची चलाखी आहे.

सुट्टीचा संबंध पोटाशीही आहे. शाळा बंद म्हणजे दुपारचे जेवण बंद. दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळ्याच्या सुट्टीतही मध्यान्ह भोजन द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली दिला होता. भूक शाळेचे वेळापत्रक पाळत नाही, हे तत्त्व त्यात मान्य झाले आहे. मग ते दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यांपुरते का ठेवावे? गरिबाच्या घरात टंचाई शासकीय घोषणेची वाट पाहत नाही.

आणि पुरुषांचे काय? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या कालविनियोग पाहणीनुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, आणि ते करणारे पुरुष ८८ मिनिटे. २०१९ च्या पाहणीत हे आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत स्त्रीचे ओझे दहा मिनिटांनी हलके झाले आणि पुरुषाचा वाटाही नऊ मिनिटांनी घटला! सभेत समतेवर बोलणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा आकडा आपापल्या घरी ताडून पाहावा.

अन्यत्र यावर मार्ग निघाले आहेत. फ्रान्समध्ये १९३६ साली लोकआघाडीच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली. श्रमिकांच्या मुलांच्या सुट्टीतील वसाहतींनाही त्या काळात मोठी चालना मिळाली. स्वीडनमध्ये शाळेच्या सुट्टीतही पालक कामावर असलेल्या मुलांची सोय करणे ही नगरपालिकांची जबाबदारी मानली जाते. हे देश श्रीमंत आहेत, असा आक्षेप येईल. पण सुट्टीत ओस पडणाऱ्या शाळांच्या इमारती, पटांगणे, पाण्याच्या टाक्या आणि स्वयंपाकाची भांडी आपल्याकडेही आहेत. तेथे बालकेंद्रे उघडता येतील. शिक्षकांची हक्काची सुट्टी हिरावून न घेता, रोजगाराच्या शोधातील सुशिक्षित तरुण-तरुणींना अल्प प्रशिक्षण आणि रास्त वेतन देऊन ती चालविता येतील. स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांना सुट्टीतील महिन्यांचाही मोबदला मिळेल. मात्र या केंद्रांत पुन्हा घोकंपट्टी नको. खेळ, गाणी, पुस्तके आणि सावली पुरेशी आहे.

राष्ट्र सेवा दलाच्या सुट्टीतील शिबिरांचा अनुभव चळवळीच्या गाठीशी आहे. परंतु चार-आठ दिवसांच्या शिबिराने दीड महिन्याचा प्रश्न सुटत नाही, आणि स्वयंसेवी उपक्रम शासनाच्या कर्तव्याची जागा घेऊ शकत नाही. म्हणून येत्या उन्हाळ्यापूर्वी प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील किती मुले दिवसभर एकटी राहतात याची नोंद करावी आणि ती घेऊन नगरपालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या दारी जावे. कामगार संघटनांनी वेतनाच्या मागणीपत्रात आई आणि वडील दोघांसाठीही बालसंगोपन रजेचे कलम घालावे. आठ तासांच्या दिवसाची मागणीही एके काळी अव्यवहार्य ठरविली गेली होती. कामगारांनी ती सोडली नाही, म्हणूनच ती पुढे कायद्यात आली.