इंग्रजीचा एक मास्तर गेला



28 मे 2025 ला अमेरिकेतल्या जॉर्जियात एक म्हातारा मास्तर वारला. वय 87. जन्मभर इंग्रजी साहित्य शिकवलं आणि जन्मभर इंग्रजीशी भांडला. न्गुगी वा थिओंगो. केनियाचा. कॅलिफोर्नियातल्या अर्वाइन विद्यापीठात इंग्रजी आणि तौलनिक साहित्याचा प्राध्यापक होता. पण मला तो कामिरीथूचा वाटतो. कामिरीथू म्हणजे लिमुरूजवळचं त्याचं गाव.

आपल्या अंकात त्याचं काय काम, असं कुणी विचारील. सांगतो.

तिसरीत असताना मी वर्गात बोललो, 'गुर्जी, पाटी घरी ऱ्हायली.' अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. गुरुजींनी तेच वाक्य 'शुद्ध' करून दहा वेळा फळ्यावर लिहायला लावलं. हात दुखला नाही, जीभ दुखली. पुढं कितीतरी वर्षं मी वर्गात तोंड उघडलं नाही. कॉलेजात डिक्शनरी मांडीवर घेऊन न्गुगी वाचला, तेव्हा कळलं, हे एकट्या माझंच नव्हतं. त्याच्या शाळेत गिकुयू बोलणाऱ्या पोराला छड्या बसत, नाहीतर 'मी मूर्ख आहे' अशी पाटी गळ्यात अडकवत. गुन्हेगार शोधायची युक्ती तर बघा. सकाळी एका पोराच्या हातात एक बटण द्यायचं. जो आईच्या भाषेत बोलताना सापडेल त्याच्याकडं ते सरकवायचं. संध्याकाळी ज्याच्याकडं बटण असेल तो सांगणार मला कुणी दिलं, तो सांगणार त्याला कुणी दिलं. पोरांनाच पोरांचे खबरे केलं. राज्य करायची ही रीत आपल्या ओळखीची आहे.

न्गुगी 1938 साली जन्मला. माऊ माऊच्या लढ्यात घर होरपळलं. शाळेतून सुट्टीला आला तर गाव जाग्यावर नव्हतं, इंग्रजांनी जमीनदोस्त केलं होतं. मकेरेरेत, मग लीड्सला शिकला. जेम्स न्गुगी या नावानं इंग्रजीत कादंबऱ्या लिहिल्या, नाव कमावलं. पुढं ते ख्रिस्ती नावही टाकलं.

1968 साली नैरोबी विद्यापीठात तो इंग्रजी शिकवत होता. तेव्हा हेन्री ओवूर-अन्युम्बा नि टबान लो लियोंग या दोघांबरोबर त्यानं एक निवेदन दिलं: इंग्रजी विभाग बंद करा! ज्या खुर्चीवर बसलो तीच मोडा. म्हणणं साधं होतं. शेक्सपिअर शिकवायचा तर शिकवा, पण मधोमध आफ्रिका ठेवा. तिच्या गोष्टी, तिची गाणी ठेवा. पुढं त्या विभागाचं नाव साहित्य विभाग झालं. आपल्या किती प्राध्यापकांना हे जमेल? पगारवाढीच्या पलीकडं ज्यांचं निवेदन जात नाही त्यांचं सोडून द्या.

पण निवेदनानं सरकार घाबरत नाही. घाबरलं ते 1977 साली. न्गुगी गावी गेला. न्गुगी वा मिरी याच्याबरोबर गिकुयूत नाटक लिहिलं, 'न्गाहिका न्देंदा'. दीड एकराच्या मालकाची जमीन धनदांडगे कशी गिळतात, त्याची गोष्ट. गावच्या शेतकऱ्यांनी नि कामगारांनी स्वतःच्या हातांनी उघडं थिएटर उभारलं. तालमी सगळ्यांसमोर. म्हाताऱ्यानं असं बोलायचं नसतं, मजूर असं म्हणत नाही, म्हणून लोकांनी प्राध्यापकाची भाषा दुरुस्त केली. आणि प्राध्यापकानं करू दिली! ऑक्टोबरात नाटक लागलं, नोव्हेंबरात परवाना रद्द. 31 डिसेंबरला न्गुगीला उचललं. खटला नाही, आरोप नाही, वर्षभर कामिती तुरुंगात. हे गोऱ्यांनी केलं नाही बरं. स्वातंत्र्य मिळून चौदा वर्षं झाली होती. इंग्रजीत सरकारवर लिहिलं तेव्हा चाललं. शेतकऱ्याच्या भाषेत शेतकऱ्यापुढं मांडलं तेव्हा बेड्या आल्या.

तुरुंगात त्यानं संडासच्या कागदावर गिकुयूत कादंबरी लिहिली. 1980 ला ती छापून आली. घराघरांत मोठ्यानं वाचली गेली, बसमध्ये, दारूच्या गुत्त्यात वाचली गेली. गुत्त्यातला वाचणारा ऐन रंगात थांबायचा. ग्लास भरा, मग पुढं वाचतो! ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांनीही ती ऐकली. सुटल्यावर विद्यापीठानं त्याला परत घेतलं नाही. 1982 ला गावचं थिएटर पोलिसांनी पाडलं. तो परागंदा झाला. 'मातिगारी' ही पुढची कादंबरी आली तेव्हा सरकारनं तिच्या नायकालाच पकडायचा हुकूम काढला. माणूस कागदावरचा निघाला, तेव्हा 1987 ला पुस्तकं जप्त केली.

आता भांडणाचा मुद्दा. न्गुगीनं कादंबऱ्या इंग्रजीत लिहिणं सोडलं. मग आपणही सोडायचं का? नाही. सावित्रीबाईंनी इंग्रजीला माऊली म्हटलं. बाबासाहेबांनी 'मूकनायक' मराठीत काढला नि जातिसंस्थेची चिरफाड जगापुढं इंग्रजीत केली. 1972 साली आधीच्या पोरांनी 'पँथर' हे नाव अमेरिकेतल्या काळ्या पोरांकडून घेतलं, तेही इंग्रजीच्या वाटेनं आलं. आपल्याला जी मराठी 'मातृभाषा' म्हणून शिकवली ती आपल्या आईची कुठं होती? फळ्यावरची भाषा नि चुलीपुढची भाषा यांच्यामध्ये गावाची वेस होती. न्गुगीला इंग्रजीनं मारलं, मला 'शुद्ध' मराठीनं. म्हणून त्याचा निर्णय जसाच्या तसा उचलायचा नाही. त्याचा प्रश्न उचलायचा: तू कुणासाठी लिहितोस, आणि ज्यांच्यावर लिहितोस ते तुझं लिहिणं दुरुस्त करू शकतात का?

आणखी एक लिहिणं भाग आहे. 2024 साली त्याच्याच मुलानं, तोही लेखक, जाहीर लिहिलं की वडील आईला मारहाण करत. हे वाचून मी पुस्तक मिटून बसलो. पण झाकणार नाही. बाईच्या पाठीवरचे वळ लपवून थोर माणसाचा फोटो लावायची रीत प्रस्थापितांची, आपली नव्हे. त्याचं काम घेऊ. देव्हारा नको.

तर मित्रांनो, पुढच्या अंकासाठी कविता पाठवा, कथा पाठवा. पण पाकिटात घालण्याआधी घरी मोठ्यानं वाचा. आय ऐकू दे, गल्लीतला कुणी ऐकू दे. 'असं कुठं बोलत्यात रं?' असं कुणी म्हटलं, तर भांडू नका. ते वाक्य खोडा, नि त्यांनाच विचारून परत लिहा.