मोटारसायकली निघतील, पण थांबतील कुठे?



सन 2024 मध्ये कारगिल विजयाला 25 वर्षे झाली. त्या निमित्ताने 12 जूनला लष्कराच्या मोटारसायकल तुकड्या देशाच्या तीन टोकांवरून निघाल्या. पूर्वेकडून आसामातले दिनजान, पश्चिमेकडून द्वारका आणि दक्षिणेकडून धनुष्कोडी. जायचे होते द्रासच्या युद्धस्मारकाला. वाटेत माजी सैनिक आणि वीरपत्नी यांची भेट घ्यायची, हाही त्या मोहिमेचा हेतू होता. दक्षिणेची तुकडी नागपूरवरून गेली. आपला लातूर जिल्हा त्या वाटेवर नव्हता.

गावोगावची पोरे आता विचारतात, "साहेब, आपणबी अशी रॅली काढावी का?" मी म्हणतो, जरूर काढा, माझीही गाडी तुमच्यात राहील. तारीख धरा 14 जानेवारी. 1953 साली याच दिवशी पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा निवृत्त झाले, म्हणून हा दिवस माजी सैनिक दिन म्हणून पाळतात. हरभरा घाट्यात असतो, ज्वारी हुरड्यात. एक दिवस काढता येतो.

वाट धरा लातूर, औसा, लामजना, किल्लारी. किल्लारीच का, हे जुन्या माणसांना सांगायला नको. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपाने गावेच्या गावे झोपेत गाडली. मागोमाग लष्कराचे जवान आले. ते कुठल्या मुलखाचे, कुठल्या भाषेचे, हे आपण विचारले नाही. त्यांनी पावसाचिखलात दगडमाती उपसली, आपली माणसे बाहेर काढली. ते जवान आज म्हातारपणाकडे झुकले असतील, कुठेतरी आपापल्या शिवारात औत हाकत असतील. त्यांना आपण शोधू शकत नाही. पण आपल्या गावात जो माजी सैनिक आहे, त्याच्या दारात तर जाऊ शकतो ना?

इथेच खरी गोम आहे. गेल्या खरिपात एका गावी बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक होते. एक निवृत्त हवालदार उशिरा आले. म्हणाले, "घरपट्टी भरून आलो, साहेब." माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांना राज्य शासनाने 2020 साली घरपट्टी माफ केली आहे. चार वर्षे ते भरत होते, पंचायत घेत होती. कुणाच्या मनात खोट नव्हती, पण कुणी सांगितलेच नाही. त्या गावात मीही तीन वर्षे जातो. मीही सांगितले नव्हते. मान खाली गेली.

म्हणून रॅलीला माझी एकच अट आहे. नुसते हॉर्न वाजवत पुढे जायचे नाही. वाटेवरच्या प्रत्येक गावी माजी सैनिकांची आणि वीरपत्नींची यादी आधी करा. दारात गाड्या बंद करा, बसा, चहा घ्या आणि विचारा: घरपट्टी माफीचा अर्ज केला का? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला आहे का? पेन्शनसाठी दरवर्षीची हयातीची नोंद झाली का? एखाद्या आजीला ती मोबाईलवर जमत नसेल, तर तुमच्यातल्या शिकलेल्या पोराने तिथेच मदत करावी.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना विनंती, त्या दिवशी कार्यालय उघडे ठेवा. अर्ज हातोहात घ्या आणि पोच द्या. हाराफुलांचा खर्च नाही केला तरी चालेल.

पोरांनो, पोलीस ठाण्याला आधी कळवा. डोक्यावर हेल्मेट, एका गाडीवर दोघेच, सायलेन्सर काढायचा नाही. ज्यांनी उभा जन्म शिस्तीत काढला, त्यांच्या सन्मानाला बेशिस्तीने जाऊ नये.

शेवटी किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी दोन मिनिटे गप्प उभे राहू. संध्याकाळी परतताना किती गाड्या होत्या ते मोजू नका. किती अर्ज भरले, ते मोजा.