सूड पुरा, न्याय अर्धा

झाशीच्या ओरछा दरवाजाबाहेरच्या जोखनबागेत ८ जून १८५७ रोजी साठेक युरोपियन पुरुष, बायका आणि मुले कापली गेली. जिवाला धोका होणार नाही, या वचनावर विसंबून ती किल्ल्यातून बाहेर आली होती. बंडवाले शिपाई काही दिवसांतच दिल्लीच्या वाटेला लागले. पुढच्या एप्रिलमध्ये सर ह्यू रोजची इंग्रज फौज तट चढून आत शिरली, तेव्हा सूड उगवायला समोर सापडली ती झाशीची रयत. वरसईचे विष्णुभट गोडसे त्या दिवसांत शहरात अडकले होते. घराघरांत शिरून केलेली ती कत्तल आणि जाळपोळ त्यांनी ‘माझा प्रवास’मध्ये लिहून ठेवली आहे. मेलेल्यांची संख्या हजारांत होती. जोखनबागेशी त्यांतल्या बहुतेकांचा काडीचा संबंध नव्हता, पण तशी चौकशी करायला कोणी थांबले नाही.

निरपराधांवर कोसळण्याचा सुडाचा हा स्वभाव पडद्यावर लपून जातो. मनोविश्लेषणाचा बाज असलेल्या सूडपटात गुन्हा आपल्या डोळ्यांदेखत घडतो. खुनी कोण, हे पटकथाकार आधीच सांगून ठेवतो, त्यामुळे नायकाने हातोडा उचलला की चूक माणूस मरेल ही शंका प्रेक्षकाला शिवत नाही. रस्त्यावरच्या जमावाला किंवा बंद गाडीतल्या पिस्तुलाला ही खात्री कोण देणार?

श्रीराम राघवन यांच्या ‘बदलापूर’ने (२०१५) ही खात्रीच मोडून काढली. पुण्यातल्या बँक दरोड्यानंतरच्या पळापळीत रघूची बायको आणि लहान मुलगा मारले जातात. पंधरा वर्षे तो बदलापुरात सूड कवटाळून बसतो. अखेर दरोडेखोराच्या साथीदाराला मारतो आणि त्याच्या बायकोलाही संपवतो. त्या बाईने ना बँक लुटली होती, ना गोळी झाडली होती. शेवटी मरणाच्या दारात उभा असलेला तो दरोडेखोर, लायक, रघूचे खून स्वतःच्या अंगावर घेतो. माणूस म्हणून कोण उरले, हा प्रश्न चित्रपट आपल्या पदरात टाकतो. सुडाने नायकाचे काय होते ते इतक्या स्वच्छपणे दाखवणारे हिंदी चित्रपट थोडे आहेत.

त्याच नावाच्या गावात २०२४च्या ऑगस्टमध्ये शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. तक्रार नोंदवून घ्यायला पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळत बसावे लागले. संतापलेले लोक रेल्वे रुळांवर उतरले. तो संताप शंभर टक्के रास्त होता. २३ सप्टेंबरला तळोजा तुरुंगातून नेत असताना मुंब्र्याजवळ पोलिसांच्या गाडीत गोळी लागून आरोपी मेला. मुंबईत फलक झळकले, ‘बदला पुरा’. पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात पोलिसांवरच बोट ठेवले गेले आणि एप्रिल २०२५मध्ये उच्च न्यायालयाने विशेष तपास पथक नेमण्याचा आदेश दिला.

त्या गोळीने नेमके काय साधले? मेलेल्या माणसावर खटला चालत नाही. त्याची उलटतपासणी होत नाही. शाळेत कोणाला काय ठाऊक होते, कोणी कानाडोळा केला, याबद्दल त्याच्या तोंडून जे निघू शकले असते ते त्याच्याबरोबर गेले. त्या मुलींच्या बाजूने न्यायाधीशाने लिहिलेला, त्या आरोपीचा दोष सिद्ध करणारा निकाल आता कधीच मिळणार नाही. मोठ्या झाल्यावर त्यांच्या हाती फलकाचे छायाचित्र द्यायचे का?

लोक सुडाकडे का वळतात, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. नागपूरच्या कस्तुरबानगरातल्या बायकांनी गुंड अक्कू यादवचा जाच वर्षानुवर्षे सोसला, पोलिसांचे उंबरे झिजवले. १३ ऑगस्ट २००४ रोजी न्यायालयातच बायकांच्या जमावाने त्याचा जीव घेतला. दशकभराने आरोपी पुराव्याअभावी सुटले. या घटनेवरून ‘२०० हल्ला हो’ हा चित्रपट २०२१मध्ये आला. त्या बायकांना दोष द्यायला आमची जीभ रेटत नाही. दोष आहे तो त्यांना त्या टोकाला ढकलणाऱ्या यंत्रणेचा. पण बायकांच्या हातचा सूड आणि वर्दीतल्या माणसाच्या हातून झालेला मृत्यू एका तराजूत घालता येणार नाहीत. पहिल्यात यंत्रणेकडून न्याय न मिळालेल्यांचा आक्रोश आहे. दुसऱ्यात जिने न्याय द्यायचा तीच यंत्रणा संशयाच्या पिंजऱ्यात उभी आहे आणि तिच्या ढिलाईवर पांघरूण घालायला टाळ्यांचा उपयोग होतो.

सूडपट जरूर पाहावेत. चांगला सूडपट सूड घेणाऱ्याच्या आत काय कुजते ते दाखवतो. राज्यकर्त्यांनी मात्र त्यातून घोषणा उचलू नयेत. त्यांनी तक्रार त्याच दिवशी नोंदवावी, साक्षीदारांना संरक्षण द्यावे आणि मुलांवरच्या अत्याचाराचे खटले कायद्याने ठरवलेल्या एका वर्षाच्या मुदतीत संपवावेत. वाचकहो, पुन्हा कुठे ‘बदला पुरा’चा फलक दिसला, तर तो लावणाऱ्याला एवढेच विचारा की खटल्याची पुढची तारीख कोणती?