जाळे कोठे दाट विणावे?

कोलकात्याचा हावडा पूल १९४३ साली खुला झाला. त्याच वर्षी गणिती रिचर्ड कूरांट यांनी आकृतीचे त्रिकोण पाडून, त्यांची सोपी गणिते जुळवीत, अवघड प्रश्न सोडविण्याची रीत प्रसिद्ध केली. आज संगणक असे लक्षावधी तुकडे सहज पाडतो. म्हणून पुलावर सर्वत्र बारीक जाळे पसरणे मला उधळेपणाचे वाटते. लांबीच्याच दिशेने जोर सोसणाऱ्या दांड्यास एक तुकडा पुरतो. रिव्हेटच्या छिद्राभोवती मात्र ताण झपाट्याने बदलतो; तेथे उत्तर स्थिरावेपर्यंत जाळे दाट करीत जावे. हे काम कंटाळवाणे, म्हणूनच टळते. पानाच्या पिचकाऱ्यांनी लोंबत्या दांड्यांच्या बुडाची पोलादी आवरणे झिजल्याचे २०११ साली उघड झाले. अशा जागी आराखड्यातील जाडी धरून विणलेले जाळे न झिजलेल्या पुलाचेच उत्तर देते. जाडी मोजण्यास माणूस पुलावर पाठविलाच पाहिजे.