ऐरोलीचे तीन धनी

पनवेलहून ठाण्याकडे जाणाऱ्या गाडीने आमचे कित्येक वाचक रोज ऐरोलीस जातात. त्यांतील जुन्यांनी एकाच जागी बसून तीन धनी पाहिले: 2011 पर्यंत पटनी, नंतर आयगेट आणि 2015 पासून फ्रान्सची कॅपजेमिनी. नोकरी राहिली, पगारही वाढला असेल. तेव्हा बिघडले काय, असे विचारण्याकडे सुशिक्षितांचा कल दिसतो. आम्हांस हे समाधान अपुरे वाटते.

पटनी ही काही लहानसहान पेढी नव्हे. नारायण मूर्ती व त्यांचे सहकारी 1981 साली बाहेर पडले ते याच कंपनीतून, आणि त्यांनी इन्फोसिस उभारली. शाखेचा वृक्ष झाला. मूळ घर मात्र तीस वर्षांनी विकले गेले. घेणारी आयगेट उत्पन्नाने पटनीच्या निम्म्याहूनही लहान होती. सुमारे 122 कोटी डॉलरांचा हा व्यवहार तिने मोठे कर्ज काढून आणि अ‍ॅपॅक्स या गुंतवणूकदार संस्थेच्या भांडवलावर तडीस नेला. लहान माशाने मोठा मासा गिळला, याचे तेव्हा कौतुकच झाले! परंतु कर्जाचे व्याज आधी भागवावे लागते. संशोधन, नवी उत्पादने, माणसांचे शिक्षण यांची पाळी त्यानंतर येते. चारच वर्षांत आयगेट स्वतः 404 कोटी डॉलरांना विकली गेली. भागधारकांचे भले झाले, हे आम्ही नाकारीत नाही. पण कॅपजेमिनीला हवे होते ते अमेरिकेतील गिऱ्हाईक आणि येथील हजारो अभियंते. कोणती विद्या कोठे वाढवावयाची, हा निर्णय पॅरिसकडे गेला.

विलीनीकरण मुळातच वाईट, असे आमचे म्हणणे नाही. 2009 साली गैरव्यवहारात बुडालेल्या सत्यमला टेक महिंद्राने हात दिला, हे योग्यच झाले. उलट बहुतांशी स्वबळावर वाढलेल्या इन्फोसिसलाही खरेदीचा मोह टळला नाही. 2015 साली 20 कोटी डॉलर मोजून घेतलेल्या पनाया या इस्रायली कंपनीचे मोल तिला तीनच वर्षांत ताळेबंदात घटवावे लागले.

सप्टेंबर 2024 पासून भारतात लक्षणीय कारभार असलेल्या कंपनीचा 2000 कोटी रुपयांवरील व्यवहार स्पर्धा आयोगापुढे नेणे बंधनकारक झाले आहे. तथापि आयोग पाहतो ते बाजारातील स्पर्धेला धक्का बसतो की नाही, एवढेच. संशोधन येथे राहील काय, हे विचारण्याचे काम कोणाचेच नाही. उद्योगांना भूखंड देणाऱ्या शासनाने, मालकी बदलताना तरी, हा प्रश्न करारनाम्यात घालावा.