कॅमेऱ्याची सोयरीक

छंदाला मोल नाहीं असें आपण म्हणतों. परंतु छंदाच्या साहित्याला मोल असतें, आणि तें बहुधा घरखर्चाच्या पेटींतूनच द्यावें लागतें. म्हणूनच घरांत चांगला चालता कॅमेरा असतांना चिरंजीव किंवा यजमान दुसऱ्याच कंपनीच्या कॅमेऱ्याविषयीं बोलूं लागले, म्हणजे वडीलधारीं माणसें विचारतात, "आहे त्यानें फोटो निघत नाहींत का?" हा प्रश्न अडाणीपणाचा मुळींच नाहीं. छायाचित्रणाचा नाद असणाऱ्या प्रत्येकानें त्याचें सरळ उत्तर द्यावयास शिकलें पाहिजे. १९९१ पासून आजपर्यंत तीन निरनिराळ्या घराण्यांचे कॅमेरे मीं वापरले. त्या अनुभवाच्या आधारें या खेपेस त्या उत्तराचा शोध घेऊं.

कॅमेऱ्याचे मुख्य भाग दोन. एक त्याची बॉडी आणि दुसरें भिंग, म्हणजे लेन्स. भिंग बॉडीला जेथें जडतें, त्या धातूच्या कड्याला माउंट म्हणतात. हें कडें बहुतेक कंपन्यांचें निराळें असतें, आणि येथेंच सारी गोम आहे. नवा कॅमेरा घेणें हें नवी वस्तु आणण्यासारखें नसून नवी सोयरीक जोडण्यासारखें आहे. बॉडीच्या मागोमाग दोन-तीन भिंगें येतात, फ्लॅश येतो, बॅटऱ्या व चार्जर येतात. फ्लॅशच्या बुडाशीं असलेले विजेचे संपर्कबिंदु सुद्धां दर घराण्याचे वेगळे. त्याच घराण्यांतली नवी बॉडी घेतली तर एक वस्तु बदलते. घराणें बदललें तर सारा गोतावळाच बदलतो.

माझा पहिला कॅमेरा पेंटॅक्स के १०००. फिल्मचा, पूर्णपणें हातानें चालवावयाचा, आणि सोबत ५० मिलीमीटरचें एकच भिंग. या जोडीवर मीं २३ वर्षें काढलीं. पुढें फिल्म मिळणें व धुऊन घेणें आमच्या गांवीं दुर्घट होत गेलें, तेव्हां २०१४ सालीं निकॉनचा डी ७५० हा डिजिटल कॅमेरा घेतला. जुनें भिंग नव्या कॅमेऱ्यावर चालेल काय, हा पहिला विचार मनांत आला. आणि तें कां चालणार नाहीं याचें कारण मोठें मनोरंजक निघालें.

भिंगाच्या कड्यापासून फिल्मपर्यंत किंवा डिजिटल कॅमेऱ्यांतील सेन्सरपर्यंत एक ठराविक अंतर असतें. १९७५ सालीं निघालेल्या पेंटॅक्सच्या 'के' कड्याचें हें अंतर ४५.४६ मिलीमीटर आहे. १९५९ पासून चालत आलेल्या निकॉनच्या 'एफ' कड्याचें ४६.५. म्हणजे फरक अवघ्या एका मिलीमीटरचा! पण भिंग एवढें जरी पुढें सरकलें, तरी जवळचा चेहरा स्पष्ट येतो आणि दूरचा डोंगर मात्र कांहीं केल्या स्पष्ट होत नाहीं. एका मिलीमीटरनें भाऊबंदकी उभी राहते ती अशी. एकाच कंपनीच्या घरांतहि हा प्रकार घडलेला आहे. कॅननने १९८७ सालीं आपलें जुनें 'एफडी' कडें टाकून 'ईएफ' हें नवें कडें आणलें. जुनें अंतर ४२ मिलीमीटर, नवें ४४. त्यामुळें वर्षानुवर्षें जमविलेलीं भिंगें त्याच कंपनीच्या नव्या कॅमेऱ्याला परकीं झालीं. नवें कडें अधिक रुंद होतें, भिंगाशीं विजेच्या संकेतांनीं बोलणारें होतें, आणि पुढील प्रगति त्यामुळेंच सुकर झाली हें खरें. पण ज्यांचा पैसा जुन्या भिंगांत अडकला होता, त्यांना त्या प्रगतीची किंमत स्वतःच्या खिशांतून द्यावी लागली.

घराणें बदलल्यावर बोटांनाहि नवें वळण लागावें लागतें. पेंटॅक्सचें भिंग बसवितांना उजवीकडे फिरवावें लागे, निकॉनचें डावीकडे. तेवीस वर्षांची संवय अंगुलींतून जावयास मला चांगले सहा महिने लागले. या काळांत घरांत मुंज असेल, तर ती जुन्याच कॅमेऱ्यानें टिपावी हें श्रेयस्कर. मौंजीबंधनाचा क्षण आपल्या बोटांसाठीं थांबत नसतो.

निकॉनने माझें काम चोख केलें. कार्यालयांतील अपुऱ्या उजेडांत निघालेल्या लग्नाच्या फोटोंचें कौतुक आजहि होतें. परंतु बॉडीचें वजन ७५० ग्रॅम, आणि ७० ते २०० मिलीमीटरच्या मोठ्या भिंगाचें १५४०. सव्वादोन किलोहून अधिक भार मनगटावर घेऊन तासन् तास उभें राहणें वयाच्या साठीकडे झुकलेल्या माणसाला झेपेना. वैद्यांनीं मनगटाला विश्रांति सांगितली. न वापरलेलें भिंग कपाटांत पडून राहिलें, कीं पावसाळ्यांत त्याच्या कांचेला बुरशी धरते, आणि बुरशी धरलेल्या भिंगाला बाजारांत कोणी विचारीत नाहीं. तेव्हां तें मोठें भिंग मीं वेळींच विकून टाकलें. खरेदीच्या निम्म्याहून कमी रक्कम हातीं आली. अशी घट प्रत्येक बदलांत होते, आणि ती आरंभींच जमेस धरावी.

२०१६ सालीं ऑलिम्पसचा ई-एम १० मार्क २ हा लहानसा कॅमेरा घेतला. बॅटरीसह वजन ३९० ग्रॅम, आणि लांबच्या भिंगाचें केवळ १९०. हें हलकेपण फुकट मिळत नाहीं. निकॉनचा सेन्सर ३६ बाय २४ मिलीमीटरचा, याचा १७.३ बाय १३ चा, म्हणजे क्षेत्रफळानें सुमारें चौथा हिस्सा. जेवढें क्षेत्र लहान, तेवढा गोळा होणारा प्रकाश कमी, आणि अंधाऱ्या मांडवांत चित्रावर दाणे उमटूं लागतात. शिवाय याच्या निःशब्द शटरचीहि एक खोड आहे. तें शटर वापरलें असतां सेन्सरवरील चित्र एकदम न उचलतां ओळीओळीनें उचललें जातें. आणि आपल्याकडील ५० आवर्तनांच्या विजेवर ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळां मंद-तेज होत असते. त्यामुळें चित्रावर आडवे पट्टे पडतात. दिवसाच्या किंवा निरांजनाच्या प्रकाशांत ही अडचण येत नाहीं.

आतां लाभाची बाजू. या कॅमेऱ्यांत आरसा नसल्यामुळें कड्यापासून सेन्सरपर्यंतचें अंतर फक्त १९.२५ मिलीमीटर आहे. म्हणजे मध्यें सव्वीस मिलीमीटरची एक पोकळ धातूची नळी बसविली, कीं पेंटॅक्सचें जुनें भिंग आपल्या जागीं बरोबर येतें! एका मिलीमीटरनें बेकार झालेलें तें भिंग या नळीनें पुन्हां कामावर रुजू झालें. लहान सेन्सरमुळें त्याची नजर १०० मिलीमीटरच्या भिंगासारखी झाली, आणि चेहऱ्याच्या चित्रांसाठीं ती फार सोईची असते.

आमचे वडील, ज्यांना सारें घर तात्या म्हणे, तेव्हां ८४ वर्षांचे होते. मोठा कॅमेरा समोर दिसला, कीं ते वाचन थांबवून सदऱ्याचीं बटणें लावूं लागत, पाठ ताठ करीत आणि फोटोसाठीं म्हणून राखून ठेवलेला चेहरा पुढें करीत. तसे फोटो आमच्याकडे पुष्कळ आहेत, आणि त्यांतले तात्या कोणाहि गृहस्थासारखे दिसतात. हा लहान, आवाज न करणारा कॅमेरा मात्र त्यांच्या लक्षांतच आला नाहीं. संध्याकाळीं खिडकीशीं वर्तमानपत्र वाचतांना त्यांचे ओठ हलत; चष्मा कपाळावर नेऊन ते बारीक टाइप डोळ्यांजवळ धरीत; नातीनें कांहीं विचारलें, कीं आधीं हंसत आणि मग उत्तर देत. हें सारें मला त्या जुन्या भिंगांतून टिपतां आलें. २०१९ सालीं तात्या गेले. घरांत कोणत्या फोटोसमोर माणसें थांबतात, हें मीं रोज पाहतों.

यावरून लहान कॅमेरा श्रेष्ठ असा निष्कर्ष कोणी काढूं नये. तो फोटो काढावयाचा होता म्हणून तो कॅमेरा योग्य ठरला. लग्नाच्या कार्यालयांत तोच उणा पडला असता. निकॉनची बॉडी म्हणूनच मीं ठेवली आहे. २०१८ सालीं निकॉनने 'झेड' आणि कॅननने 'आरएफ' हीं आरसाविरहित कॅमेऱ्यांचीं नवीं कडीं आणलीं, तेव्हां पुनः मोह झाला. जुन्या भिंगांसाठीं कंपन्यांनीं स्वतःच जोडकडें दिलें आहे. पण अटी वाचाव्या: निकॉनच्या एफटीझेड जोडकड्यावर स्वतःची मोटर नसलेलीं जुनीं भिंगें आपोआप फोकस करीत नाहींत. शिवाय विजेवर चालणारी नेत्रिका बॅटरी झपाट्यानें संपविते. प्रमाणित चांचणींत डी ७५० एका बॅटरीवर १२३० फोटो काढतो, तर झेड ६ केवळ ३१०. प्रत्यक्षांत दोन्ही आंकडे वाढतात, पण तफावत राहतेच. आणि नव्या सोयरिकीच्या आयुष्याची हमी कोण देणार? निकॉनचीच 'निकॉन १' ही मालिका २०११ सालीं निघाली व २०१८ सालीं बंद झाली. कोनिका मिनोल्टाने २००६ सालीं हा व्यवसाय सोडला. ऑलिम्पसचा कॅमेरा विभाग २०२१ च्या आरंभीं दुसऱ्या कंपनीच्या हातीं गेला.

तेव्हां वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाचें उत्तर असें द्यावें: "फोटो निघतात, पण अमुक एक फोटो निघत नाहीं." तो अमुक फोटो ज्याला नांव घेऊन सांगतां येईल, त्याचा बदल योग्य. मनगट भार सोसत नाहीं, पक्षी दूर आहे, देवघरांत उजेड कमी आहे, हीं खरीं कारणें होत. शेजाऱ्यानें घेतला, हें कारण नव्हे. कारण खरें असेल, तर संपूर्ण गोतावळ्याचा खर्च एका कागदावर मांडून तो घरांत सर्वांना दाखवावा. शक्य तर नवा संच दोन दिवस भाड्यानें आणून तोच फोटो काढून पाहावा. आणि तो निर्णय होईपर्यंत कपाटांतील भिंगें सिलिका जेलसह घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावींत, व पंधरा दिवसांतून एकदां तरी बाहेर काढून वापरावींत.